टाय कॉबचं काय करायचं?

१९३६ साली अमेरिकेतल्या बेसबॉल लेखकांनी हॉल ऑफ फेमसाठी पहिल्यांदा मतदान केलं. २२६ मतपत्रिका आल्या आणि त्यांपैकी २२२ मतपत्रिकांवर टाय कॉबचं नाव होतं. होम रनचा बादशहा बेब रूथ त्याच्या मागे, २१५ मतांवर राहिला. मत देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी दोघांनाही मैदानावर पाहिलं होतं. १९९४ साली हॉलिवूडने याच कॉबवर चित्रपट काढला. टॉमी ली जोन्सने रंगवलेला त्यातला कॉब दारुडा आहे, पिस्तूल नाचवतो, बाईवर हात टाकतो, काळ्यांना शिव्या घालतो. त्याआधी पाच वर्षं ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ हा गाजलेला चित्रपट आला होता. त्यात दिवंगत खेळाडू मक्याच्या शेतातून पुन्हा खेळायला येतात. कॉबला मात्र कुणी बोलावत नाही, कारण तो कुणालाच नकोसा असतो.

अठ्ठावन्न वर्षांत एका माणसाची प्रतिमा इतकी उलटीपालटी होते, तेव्हा मधल्या काळात कुणी काय लिहिलं हे पाहावं लागतं. २०१५ पासून तर उलट दिशेची लाट आली आहे. कॉबवर घोर अन्याय झाला, तो वंशद्वेष्टा नव्हताच, असं आता ठामपणे सांगितलं जातं. दोन्ही बाजूंचं साहित्य शेजारी ठेवून वाचल्यावर माझं मत असं झालं आहे की कॉबच्या नावावर जमा केलेल्या पापांपैकी बरीच बनावट आहेत आणि काही खरी आहेत. सर्वांत मोठं पाप त्याच्या एकट्याचं नव्हतं. ते साऱ्या खेळाचं होतं, आणि एका बदनाम माणसाच्या माथी ते मारणं सगळ्यांच्याच सोयीचं ठरलं.

कॉबचा जन्म १८ डिसेंबर १८८६ चा, जॉर्जिया राज्यातल्या नॅरोज या वस्तीतला. वाढला तो जवळच्या रॉयस्टन गावात. वडील विल्यम हर्शल कॉब शिक्षक होते, वर्तमानपत्र चालवत आणि राज्याच्या सिनेटवरही निवडून गेले होते. मुलाने शिकावं, वकील किंवा डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती. चेंडूफळीच्या मागे लागलेला मुलगा त्यांना पसंत नव्हता. ८ ऑगस्ट १९०५ च्या रात्री घराच्या खिडकीशी हालचाल दिसली म्हणून कॉबच्या आईने, अमांडाने, गोळी झाडली. खिडकीशी नवरा होता. चोर समजून गोळी झाडली, असं तिने सांगितलं. पत्नीवर संशय असल्याने तो पाळत ठेवायला आला होता, अशी गावात कुजबुज होती. तिच्यावर खटला चालला आणि १९०६ च्या मार्चमध्ये ती निर्दोष सुटली. वडिलांच्या मृत्यूनंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, ३० ऑगस्ट १९०५ रोजी, अठरा वर्षांचा कॉब डेट्रॉइट टायगर्सकडून पहिला सामना खेळला. आई आरोपी आणि वडील नुकतेच पुरलेले, अशा अवस्थेत हा दक्षिणी पोरगा उत्तरेतल्या शहरात, मुरलेल्या पुरुषांच्या संघात आला. संघातल्या जुन्यांनी त्याचा छळ केला, बॅटी मोडल्या, त्याला एकटं पाडलं. १९०६ च्या मोसमात तो मधूनच काही आठवडे आजारी म्हणून गायब झाला. नंतरच्या त्याच्या संतापाचं मूळ शोधणारे सगळे चरित्रकार याच वर्षापाशी थांबतात, आणि ते योग्यच आहे. मात्र मूळ सापडलं म्हणून कृत्याची जबाबदारी संपत नाही.

त्याच्या खेळाबद्दल मराठी वाचकाला थोडं सांगायला हवं. बेसबॉलमधली बॅटिंग सरासरी क्रिकेटसारखी धावांची नसते. ढोबळमानाने सांगायचं तर बॅटर जितक्या वेळा उभा राहतो, त्यांपैकी किती वेळा फटका मारून सुरक्षितपणे बेस गाठतो (याला हिट म्हणतात), त्याचं ते प्रमाण असतं. दहांत तीनदा जमलं तरी तो खेळाडू उत्तम समजला जातो. कॉबची चोवीस मोसमांची सरासरी मेजर लीग बेसबॉलच्या हिशेबात ०.३६७ आहे. पहिलं अर्धंमुर्धं वर्ष सोडलं तर तो एकदाही ०.३०० च्या खाली गेला नाही, आणि हे त्याने सलग तेवीस मोसम केलं. १९११ साली त्याची सरासरी ०.४२० होती. त्या वर्षी शूलेस जो जॅक्सनने ०.४०८ अशी थक्क करणारी सरासरी राखली आणि तरीही तो कॉबच्या मागेच राहिला.

तो काळ ‘डेड बॉल’चा म्हणतात. एकच चेंडू मळेपर्यंत, मऊ पडेपर्यंत वापरत आणि होम रन क्वचित निघत. एकेक धाव पोखरून काढावी लागे. कॉब बॅट धरताना दोन हातांमध्ये अंतर ठेवी आणि चेंडू ढकलून, वळवून मोकळ्या जागेत घाले. एकदा बेसवर पोहोचला की त्याचं खरं काम सुरू होई. चेंडू टाकणाऱ्या पिचरची नजर चुकवून पुढचा बेस गाठायचा, ज्याला बेस चोरणं म्हणतात, त्यात तो वाकबगार होता. १९१५ च्या मोसमात त्याने ९६ बेस चोरले, आणि तो विक्रम १९६२ पर्यंत टिकला. होम प्लेट चोरणं हे त्यातलं सर्वांत अवघड काम, कारण चेंडू तिथेच येत असतो. कॉबने ते कारकिर्दीत ५४ वेळा केलं. १९०९ साली तो सरासरी, होम रन आणि फटक्यांवर निघालेल्या धावा अशा तिन्ही याद्यांत पहिला आला. त्या वर्षीचे त्याचे नऊच्या नऊ होम रन कुंपणाच्या आतले होते, म्हणजे प्रत्येक वेळी तो चारही बेस पळून आला होता. पुढे रूथने उंच फटक्यांचं युग आणलं, तेव्हा हा खेळ जुना वाटू लागला. १९२५ च्या मे महिन्यात सेंट लुइसमध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, कॉबने दोन दिवसांत पाच होम रन मारले. मनात आणलं तर आपल्यालाही ते जमतं हे त्याला दाखवायचं होतं. दाखवून झाल्यावर तो पुन्हा आपल्या जुन्या खेळाकडे वळला.

त्याच्या आकड्यांभोवतीही वाद आहेत. १९१० साली बॅटिंगच्या पहिल्या क्रमांकासाठी चाल्मर्स कंपनीने मोटारगाडी बक्षीस ठेवली होती. शर्यत कॉब आणि क्लीव्हलंडचा नॅप लॅजवे यांच्यात होती. कॉब त्या वेळीही इतका नावडता होता की शेवटच्या दिवशी सेंट लुइसच्या व्यवस्थापकाने आपल्या तिसऱ्या बेसवरच्या पोराला मुद्दाम खूप मागे उभं केलं. लॅजवेने तिकडे चेंडू हळूच ठेवून दोन सामन्यांत आठ हिट मिळवले. लीगच्या अध्यक्षांनी तरीही कॉबला विजेता ठरवलं आणि कंपनीने दोघांनाही गाड्या दिल्या. सत्तर वर्षांनी संशोधकांच्या लक्षात आलं की डेट्रॉइटचा एक सामना त्या वर्षीच्या नोंदीत दोनदा धरला गेला आहे. कॉबच्या खात्यात दोन हिट जास्तीचे होते. ते वजा केले तर १९१० चा विजेता लॅजवे ठरतो आणि कॉबच्या एकूण हिट ४,१९१ वरून ४,१८९ वर येतात. कमिशनर बोवी कून यांनी १९८१ साली नोंद बदलायला नकार दिला. १९८५ साली पीट रोझने ४,१९२ वा हिट मारला, तेव्हा साऱ्या देशाने तो क्षण विक्रम मोडल्याचा म्हणून साजरा केला. आजही काही पुस्तकांत एक आकडा सापडतो, काहींत दुसरा.

आता बदनामीकडे. कॉब बुटांचे खिळे कानशीने घासून धारदार करी आणि बेसवर घसरत येताना समोरच्याचे पाय फाडी, ही कथा अमेरिकेत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तिचा उगम मुख्यतः ऑगस्ट १९०९ मधल्या एका प्रसंगात आहे. फिलाडेल्फियाच्या फ्रँक बेकरच्या हाताला कॉबच्या बुटाची जखम झाली आणि गदारोळ उठला. कॉब पुन्हा त्या शहरात गेला तेव्हा त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. पण त्या घसरण्याचं छायाचित्र उपलब्ध आहे. त्यात कॉब बेकरपासून दूर जात आहे आणि बेकर हात लांब करून त्याला बाद करू पाहतो आहे. बेकरने पुढचा खेळ पट्टी बांधून चालू ठेवला. कॉब आक्रमक होता आणि बेस त्याचा आहे असं मानून तो येई, यात शंका नाही. खिळ्यांना धार लावण्याच्या गोष्टीला मात्र आधार नाही. उलट खिळे बोथट ठेवण्याचा नियम करावा, असं पत्र त्याने लीगच्या अध्यक्षांना पाठवल्याचं चरित्रकार चार्ल्स लीअरसन यांनी दाखवलं आहे.

मैदानाबाहेरच्या मारहाणी मात्र खऱ्या आहेत. त्यांतली सर्वांत कुप्रसिद्ध १५ मे १९१२ ची, न्यूयॉर्कच्या हिलटॉप पार्कमधली. क्लॉड ल्यूकर नावाचा प्रेक्षक कॉबला सतत शिव्या देत होता. त्यांतली एक शिवी कॉबच्या अंगात काळ्यांचं रक्त असल्याची होती. कॉब कठड्यावरून प्रेक्षकांत शिरला आणि त्याने ल्यूकरला खाली पाडून बुकललं, लाथा घातल्या. ल्यूकरचा एक हात आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं छापखान्यातल्या अपघातात गेलेली होती. लोक ओरडून तसं सांगत होते, तरी कॉब थांबला नाही. लीगने त्याला निलंबित केलं. एरवी त्याच्याशी न बोलणारे संघातले खेळाडू या वेळी त्याच्या बाजूने संपावर गेले. १८ मे रोजी डेट्रॉइटने मिळतील ती पोरं गोळा करून फिलाडेल्फियात संघ उतरवला आणि तो २४–२ असा हरला. शेवटी कॉबला दहा दिवसांचं निलंबन आणि पन्नास डॉलर दंड झाला. या प्रकरणात दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. खेळाडूंनी प्रेक्षकांच्या वाटेल त्या शिव्या ऐकून घ्याव्यात, असं मानणाऱ्या मालकांविरुद्ध तो संप न्याय्य होता. आणि हात नसलेल्या माणसाला तुडवणं हे भ्याड कृत्य होतं. मला त्यापुढे जाऊन एक गोष्ट खुपते. कॉबला असह्य झालेली शिवी कोणती होती? तो काळा आहे, ही. ज्या समाजात तो वाढला, तिथे याहून मोठा अपमान नव्हता.

मुख्य आरोप वंशद्वेषाचाच आहे, आणि इथे एकेक प्रकरण सुटं करून पाहावं लागतं. १९०७ च्या वसंतात ऑगस्टा इथे सराव चालू असताना मैदान राखणारा एक काळा कामगार ओळखीने कॉबशी सलगी करायला आला. कॉबने त्याला मारलं. भांडणात पडलेल्या त्याच्या बायकोचा गळा कॉबने धरला, असं सहखेळाडू चार्ली श्मिट याने सांगितलं, आणि त्यावरून दोघांची जुंपली. डेट्रॉइटला त्या प्रकरणानंतर कॉब इतका नकोसा झाला की त्यांनी त्याच्या बदल्यात क्लीव्हलंडकडे एल्मर फ्लिक मागितला. क्लीव्हलंडने नकार दिला. १९०८ साली डेट्रॉइटमध्ये रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या फ्रेड कॉलिन्स या काळ्या मजुराशी कॉबची बाचाबाची झाली आणि कॉबने त्याला खाली पाडलं. न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं आणि त्याने कॉलिन्सला पंचाहत्तर डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. ही दोन प्रकरणं ठाम आहेत, आणि कोणत्याही नव्या चरित्राने ती पुसलेली नाहीत.

पण यापुढची यादी डळमळीत आहे. इतिहासकार चार्ल्स अलेक्झांडर यांचं १९८४ चं चरित्र अभ्यासू आणि आदरणीय मानलं जातं. त्यात कॉबने मारलेल्यांपैकी आणखी तिघे काळे होते असं आहे: हॉटेलचा रात्रीचा पहारेकरी, हॉटेलचा नोकर आणि खाटकाच्या दुकानातला माणूस. लीअरसन यांनी जनगणनेची कागदपत्रं, जन्माच्या नोंदी आणि तेव्हाची वर्तमानपत्रं पाहिली. तिघेही गोरे निघाले. मारहाण झाली होती, कॉबला दंडही झाले होते, पण त्या भांडणांचं कारण वंश नव्हता. वीस सेंटच्या मासळीवरून कॉब पिस्तूल घेऊन खाटकाच्या दुकानात गेला, ही १९१४ ची हकिकत त्याचा स्वभाव पुरेसा दाखवते. तिला आणखी रंग देण्याची गरज नव्हती. अलेक्झांडर यांच्यासारख्या शिस्तीच्या अभ्यासकाकडून ही चूक व्हावी, याचं मला वाईट वाटतं. कॉब वंशद्वेष्टा आहे हे आधीच ठरलेलं असल्यामुळे मार खाणारा काळाच असणार, असं गृहीत धरलं गेलं, असं दिसतं. आणि पुढच्या तीस वर्षांत केन बर्न्स यांच्या गाजलेल्या माहितीपट मालिकेसह सगळ्यांनी हे चित्र पुढे चालवलं.

या सगळ्याच्या मुळाशी एक माणूस आहे, अल स्टंप. हा क्रीडालेखक १९६० साली कॉबचं आत्मचरित्र लिहून देण्यासाठी नेमला गेला. कॉब तेव्हा कर्करोगाने आणि मधुमेहाने खंगला होता, वेदनेत होता, पीतही होता. १७ जुलै १९६१ रोजी अटलांटात तो वारला. आत्मचरित्र त्यानंतर बाहेर आलं. त्यात कॉबची स्वतःची बाजू होती, पुष्कळशी आत्मसमर्थनाची. पण त्याच वर्षाच्या अखेरीस स्टंपने ‘ट्रू’ या मासिकात कॉबच्या शेवटच्या दहा महिन्यांवर लेख लिहिला. त्यात पिसाट, दारूत बुडालेला, पिस्तूल उशाशी ठेवणारा, जगाने टाकलेला कॉब होता. अंत्यविधीला बेसबॉलमधली फक्त तीन माणसं आली, ही हृदयद्रावक गोष्ट तिथूनच पसरली. कुटुंबाने अंत्यविधी खाजगी ठेवला होता, हे त्यात नव्हतं. १९९४ साली स्टंपने त्याच सामग्रीवर नवं, अधिक भडक चरित्र काढलं आणि चित्रपट त्यावरच बेतला.

स्टंपने असंही सुचवलं की १९१२ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटमध्ये आपल्यावर हल्ला करणाऱ्या एका गुंडाला कॉबने ठार मारलं. हल्ला खरा होता. तिघांनी त्याची गाडी अडवली, पाठीत चाकू लागला, आणि दुसऱ्या दिवशी तो खेळला. पण एका वकिलाने डेट्रॉइट परिसरातल्या त्या काळातल्या मृत्युतपासणीच्या नोंदी धुंडाळल्या, तेव्हा असा कोणताही मृतदेह सापडला नाही. २०१० साली जॉर्जियातले संशोधक विल्यम आर. कॉब, ज्यांचं खेळाडू कॉबशी नातं नाही, यांनी स्टंपने विकलेल्या वस्तूंचा माग काढला. कॉबच्या लेटरहेडवर टंकलेली आणि त्याच्या आवडत्या हिरव्या शाईत सही असलेली पत्रं बाजारात आली होती. त्यांतली अनेक बनावट होती. हॉल ऑफ फेमकडे असलेली १९४६ सालची डायरीही बनावट निघाली. कॉबच्या आईने ज्या बंदुकीने नवऱ्याला मारलं ती शॉटगन म्हणून स्टंपने एक बंदूक विकली होती. १९०५ च्या तपासात मात्र पिस्तूल आहे. स्टंप १९९५ साली वारला, त्यामुळे त्याला कुणी जाब विचारू शकलं नाही. पण तेहतीस वर्षं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून लिहिणाऱ्या संपादकांना, प्रकाशकांना आणि दिग्दर्शकाला विचारायला हवं होतं. एका मेलेल्या माणसावर खुनाचा आरोप छापताना कुणीही नोंदी पाहिल्या नाहीत.

लीअरसन यांचं २०१५ चं ‘टाय कॉब: अ टेरिबल ब्यूटी’ हे पुस्तक या पार्श्वभूमीवर आलं आणि ते येणं गरजेचं होतं. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’चे हे माजी संपादक राक्षसाचं चरित्र लिहायला निघाले होते आणि कागदपत्रांनी त्यांना दुसरीकडे नेलं, असं ते स्वतः सांगतात. कॉबचे पणजोबा गुलामगिरीविरुद्ध प्रवचनं देत आणि त्यापायी त्यांना गाव सोडावं लागलं, वडील काळ्या मतदारांच्या बाजूने बोलत, हे त्यांनी पुढे आणलं. १९५२ साली टेक्सास लीगमध्ये पहिला काळा खेळाडू, डेव्ह हॉस्किन्स, येत होता. तेव्हा कॉबने मुलाखतीत स्पष्ट सांगितलं की काळ्या खेळाडूंना मनापासून सामावून घ्यावं, कुरकुरत नव्हे. रॉय कॅम्पानेला आणि विली मेज या काळ्या खेळाडूंचं त्याने तोंडभरून कौतुक केलं. दक्षिणेत जन्मलेल्या त्याच्या पिढीच्या नामवंतांपैकी किती जण तेव्हा इतकं बोलले?

तरीही लीअरसन यांच्याशी मी शेवटपर्यंत चालू शकत नाही. पणजोबांचा पुण्यसंचय पणतवाच्या खात्यावर जमा होत नाही. वयाच्या पासष्टाव्या वर्षीचं उदार वक्तव्य एकविसाव्या वर्षी फ्रेड कॉलिन्सला दिलेला ठोसा मागे घेत नाही. दोन्ही खरं असू शकतं. माणूस बदलतो, आणि कॉब बदलला असेल तर ते त्याच्या श्रेयाचं आहे. पण मग आधीचं होतं तसं मान्य करावं लागतं. ऑगस्टाच्या प्रकरणात श्मिट एकटाच साक्षीदार असल्याने लीअरसन गळा धरण्याच्या भागावर शंका घेतात. ती शंका रास्त आहे. पण मैदान राखणाऱ्या माणसाला मार पडला हे त्याने नाहीसं होत नाही. कॉबची दोन्ही लग्नं घटस्फोटात संपली; घरातल्या त्या कॉबवरूनही नव्या लाटेतले लेखक घाईने पुढे सरकतात.

मला सर्वांत उपयोगी वाटलं ते स्टीव्हन एलियट ट्रिप यांचं २०१६ चं पुस्तक. ते फार गाजलं नाही. ट्रिप कॉबला दक्षिणेतल्या मानापमानाच्या पुरुषी संहितेत ठेवून वाचतात. तिथे अपमानाचं उत्तर हातानेच द्यायचं असतं, आणि खालच्या समजल्या गेलेल्या माणसाने बरोबरीने बोलणं हा अपमानच असतो. कॉलिन्स, ऑगस्टाचा कामगार, ल्यूकर, खाटीक, सहखेळाडू, पंच, सगळ्यांशी झालेली भांडणं या एका सूत्रात बसतात. वंश त्यात आहेच, पण तो सुटा नाही. कॉब काळ्यांना वेगळं काढून मारत नव्हता. जो त्याच्या मते पायरी ओलांडे त्याला तो मारी, आणि काळ्या माणसाची पायरी त्याच्या जगात आधीच सगळ्यात खाली आखलेली होती.

सट्ट्याचं प्रकरण थोडक्यात. १९२६ साली माजी पिचर डच लेनर्डने आरोप केला की कॉब आणि क्लीव्हलंडचा ट्रिस स्पीकर यांनी सप्टेंबर १९१९ मधला एक सामना ठरवून खेळला. पुराव्यादाखल त्याने जुनी पत्रं दिली. त्यावरून दोघांनाही गुपचूप आपापला संघ सोडायला लावलं गेलं. कमिशनर लँडिस यांनी जानेवारी १९२७ मध्ये दोघांना निर्दोष ठरवलं, आणि कॉब शेवटची दोन वर्षं फिलाडेल्फियाकडून खेळला. पत्रांत पैजेचा उल्लेख आहे. सामना विकल्याचा पुरावा नाही.

पैशाच्या बाबतीत तो चतुर होता. कोका-कोला आणि जनरल मोटर्सचे शेअर त्याने लवकर घेतले आणि तो गडगंज झाला. १९५० साली त्याच्या एक लाख डॉलरच्या देणगीतून रॉयस्टनमध्ये आईवडिलांच्या नावाने रुग्णालय उभं राहिलं. १९५३ मध्ये त्याने जॉर्जियातल्या गरजू विद्यार्थ्यांसाठी शिक्षणनिधी सुरू केला, आणि तो आजही शिष्यवृत्त्या देतो. ज्याच्याशी तो वर्षानुवर्षं बोलला नाही त्या सॅम क्रॉफर्डला हॉल ऑफ फेममध्ये घ्यावं म्हणून म्हातारपणी त्याने पत्रांमागून पत्रं लिहिली. क्रॉफर्ड १९५७ साली निवडला गेला.

आता त्या मोठ्या पापाबद्दल. बेसबॉलमध्ये काळ्यांना बंदी घातली ती कॉबने नव्हे. १४ जुलै १८८७ रोजी नेवार्कमध्ये शिकागोचा कर्णधार कॅप ॲन्सन याच्या संघासमोर काळा पिचर जॉर्ज स्टोव्ही उतरवला गेला नाही, आणि त्याच दिवशी इंटरनॅशनल लीगच्या चालकांनी काळ्या खेळाडूंशी नवे करार न करण्याचं ठरवलं. कॉब तेव्हा पुरता सात महिन्यांचाही नव्हता. ॲन्सनने त्याआधी चार वर्षं टोलेडोत फ्लीटवुड वॉकर या काळ्या खेळाडूसमोर खेळायला नकार देऊन पाहिला होता. १९३९ पासून तो हॉल ऑफ फेममध्ये आहे, आणि सामान्य प्रेक्षकाला त्याचं नाव वंशद्वेषाशी जोडता येत नाही. लँडिस १९२० ते १९४४ कमिशनर होते. त्या चोवीस वर्षांत मेजर लीगमध्ये एकही काळा खेळाडू उतरला नाही. सर्वोत्तम खेळाडूच्या पारितोषिकावरचं त्यांचं नाव २०२० साली काढलं गेलं. ही बंदी मोडून जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनकडून उतरला. कॉबच्या डेट्रॉइटने मात्र पहिला काळा खेळाडू, ओझी व्हर्जिल, १९५८ साली घेतला. कॉबने संघ सोडून तोवर ३२ वर्षं झाली होती. हा उशीर मालकांचा होता. चित्रपटात शिव्या देणारा म्हातारा दाखवला की मालकांच्या बैठका, करार आणि सह्या नजरेआड राहतात. कॉबला खलनायक करण्याचा हा खरा तोटा आहे, आणि तो कॉबला नव्हे, बेसबॉलच्या इतिहासाला झाला.

कॉबचे आकडे याच कुंपणाच्या आत जमले, हेही विसरता येत नाही. १९१० च्या अखेरीस टायगर्स हवानाला गेले. तिथे कॉब जॉन हेन्री लॉइड, ग्रँट जॉन्सन आणि ब्रूस पेटवे या काळ्या खेळाडूंविरुद्ध काही सामने खेळला. कॉबची सरासरी चांगली होती. त्या तिघांचीही त्याच्याहून वरचढ होती. पाच सामन्यांवरून निकाल लावता येत नाही. पण मायदेशी मोसमभर ही टक्कर झाली असती, तर यादी कशी दिसली असती हा प्रश्न उरतोच.

२०२० च्या डिसेंबरमध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ मधल्या, काळ्या खेळाडूंच्या सात निग्रो लीगना प्रमुख लीगचा दर्जा दिला. मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिळवले गेले. कारकिर्दीच्या सरासरीत आता पहिला क्रमांक निग्रो लीगमधल्या जॉश गिब्सनचा आहे, ०.३७२. कॉब दुसरा. निग्रो लीगचे सामने कमी, नोंदी अपुऱ्या, म्हणून तुलना चुकीची आहे असं म्हणणारे आहेत. नोंदी अपुऱ्या आहेत, हे खरं. त्या अपुऱ्या का राहिल्या, याचं उत्तर देण्याची जबाबदारी मात्र गिब्सनवर टाकता येणार नाही. मला ही दुरुस्ती योग्य वाटते, आणि कॉबच्या खेळाचं मोल तिने तसूभरही कमी होत नाही.

गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सन मैदानात उतरण्याच्या तीन महिने आधी, पस्तिसाव्या वर्षी वारला. नव्या यादीत कॉबच्या लगेच खाली ऑस्कर चार्ल्सटन आहे. त्याच्या काळातले लेखक त्याला ‘काळा टाय कॉब’ म्हणत. चार्ल्सटन १९५४ मध्ये वारला, आणि हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं १९७६ साली.